सिगारसोबत काय प्यावं? नागपूरच्या हवेत तपासलेल्या बाटल्या

नागपुरात सिगार आणि ग्लासची जोडी जमली नाही की दोष बाटलीला दिला जातो. बहुतेक वेळा मात्र सिगार कोरडा पडलेला असतो, नाहीतर ग्लासातली व्हिस्की तापलेली असते. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली उतरते आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ दिवसांत, पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळतो. त्या हवेत तासभर उघडा राहिलेला सिगार आणि कपाटातून थेट काढलेली बाटली एकत्र आली, तर लेबल कितीही मोठं असो, तोंडात तिखटपणा आणि कडवटपणाच उरतो. त्यामुळे बाटल्यांकडे वळण्याआधी सिगारच्या डब्याबद्दल बोलणं भाग आहे.

तुलनेसाठी ताकदीने वेगवेगळे तीन क्युबन सिगार धरले आहेत. होयो दे मॉन्तेरे एपिक्युअर नंबर 2 सौम्य आणि मलईदार. मॉन्तेक्रिस्तो नंबर 4 मध्यम ताकदीचा, कॉफी-कोकोच्या अंगाने जाणारा. पार्तागास सेरी डी नंबर 4 भारी, मिरी आणि ओल्या मातीची आठवण देणारा. होयो आणि पार्तागास दोन्ही रोबस्टो, म्हणजे 124 मिमी लांब आणि जाडीने 50 रिंग गेजचे, म्हणजे साधारण 20 मिमी जाड. हे निवांत ओढले तर 50 ते 60 मिनिटं चालतात. मॉन्तेक्रिस्तो 129 मिमी लांब पण 42 गेजचा, पाऊण तासाच्या आत संपतो. ग्लास किती भरायचा ते यावरूनच ठरतं: रोबस्टोला दोन स्मॉल, म्हणजे एकूण 60 मिली, आणि मॉन्तेक्रिस्तोला 45 मिली. याहून जास्त घेतलं की शेवटच्या तिसऱ्या भागाची चव कळतच नाही, आणि सिगारचा सगळ्यात भरीव भाग तोच असतो.

आता डबा. सिगारला 65 ते 69 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान लागतं. क्युबनसाठी 65 बरी. देखण्या लाकडी ह्युमिडॉरवर, म्हणजे सिगारच्या खास पेटीवर, नागपुरात भरवसा ठेवू नये. त्याचं झाकण पूर्ण हवाबंद नसतं आणि उन्हाळ्यात आतलं स्पॅनिश सीडरचं लाकूडच आधी पाणी पिऊन टाकतं. रबरी कडा असलेला, चारी बाजूंनी लॉक होणारा साधा प्लास्टिकचा डबा इथे जास्त चांगलं काम करतो. त्यात 25 सिगारमागे बोव्हेडा कंपनीचं आर्द्रता राखणारं 60 ग्रॅमचं एक पाकीट, 65 टक्क्यांचं, आणि तळाला सिगारच्या जुन्या खोक्यातली सीडरची फळी. हे पाकीट दोन्ही बाजूंनी काम करतं: कोरड्या हवेत ओलावा सोडतं, पावसाळ्यात शोषून घेतं. बोटांना आत खडे लागायला लागले की ते संपलं. उन्हाळ्यात ते लवकर संपतं, म्हणून मार्चअखेर एक नवीन आणून ठेवावं.

आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर विकत घेतला तसाच डब्यात टाकू नका, आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या रेतीसारखं होईल एवढेच थेंब पाणी घाला, मीठ विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 71 दाखवत असेल तर यापुढे नेहमी चार मिळवून वाचा.

कूलरबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण इथल्या घरात तो असतोच. कूलर सुरू असलेल्या खोलीत हवा दमट होते आणि त्यात वाळ्याचा वास मिसळतो. अशा खोलीत टेबलावर काढून ठेवलेल्या सिगारचं रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, आधी फुगतं. मग खोली बंद करून एसी लावला की तेच रॅपर झपाट्याने सुकतं आणि पेटवायच्या टोकापाशी उभी चीर पडते. वाळ्याचा वास तंबाखूत शिरला की निघत नाही. सिगार पेटवायच्या पाच मिनिटं आधीच डब्यातून काढा, आणि डबा कूलरच्या खोलीत ठेवूच नका.

दुसरा धोका किड्याचा. तंबाखूच्या पानात भुंग्याची अंडी असू शकतात आणि 25 अंशांच्या वर ती फुटायला लागतात. नागपुरात विनाएसी घरात ही मर्यादा मार्चमध्येच ओलांडली जाते. रॅपरवर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक आणि डब्याच्या तळाला बारीक भुकटी दिसली, तर सगळे सिगार दुहेरी झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग किमान तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. थेट फ्रीझरमधून बाहेर काढले तर रॅपर तडकतं. नवीन आणलेल्या सिगारवर हा उपाय उन्हाळ्याआधीच करून ठेवावा.

कोरडा सिगार ओळखायला अंगठा आणि तर्जनीत हलका दाबा. चांगला सिगार किंचित दबतो आणि पुन्हा भरतो, कोरडा कुरकुरतो. कोरडा भरभर आणि गरम जळतो, धूर जिभेला चटका देतो, आणि त्यावर 46 टक्के अल्कोहोलची व्हिस्की घेतली की नाक-घसा दोन्ही जळतात. ओला सिगार याच्या उलट: ओढायला जड, एका बाजूने जळणारा, सारखा विझणारा. कोरड्याला वाचवायचं असेल तर घाई नको. आधी आठवडाभर 62 टक्क्यांच्या पाकिटासोबत, नंतर 65 च्या, एकूण दोन-तीन आठवडे. डब्यात संत्र्याची साल किंवा सफरचंदाची फोड टाकण्याचा सल्ला इथे सर्रास दिला जातो, तो मुळीच ऐकू नका. त्याने बुरशी येते आणि एका सिगारवर आलेली बुरशी सगळा डबा खाते.

खरेदी करताना खोक्यावर 85 टक्के जागा व्यापणारा सचित्र इशारा आणि आयातदाराचं एमआरपीसह लेबल आहे का ते पाहा. ते नसेल तर माल चोरवाटेने आलेला आहे आणि तो वाटेत किती दिवस कुठल्या उन्हात पडला होता ते कोणीही सांगू शकत नाही. वर पारदर्शक काच बसवलेलं कोहिबाचं खोकं दिसलं तर तिथूनच परत फिरा. कोहिबा तसं खोकं बनवत नाही.

ग्लासकडे येऊ. व्हिस्कीचा वास 18 ते 20 अंशांना नीट उलगडतो. मेमध्ये कपाटातली बाटली 35 च्या पुढे असते, आणि त्या तापमानाला नाकाशी आधी नुसता अल्कोहोल येतो. बाटली संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवली तरी फरक जाणवतो. बर्फ टाकायचाच तर मोठा एकच खडा टाका. चुऱ्याचा बर्फ इथल्या उकाड्यात पाच मिनिटांत वितळून ग्लास पाणचट करतो. त्याहून बरं म्हणजे मोजून गार पाणी घालणं. 46 टक्क्यांच्या 30 मिलीत 5 मिली पाणी घातलं की साधारण 39 टक्के होतात. 50 टक्क्यांच्या 30 मिलीत 10 मिली घातलं की साडेसदतीस. सिगारसोबत हाच पट्टा ठीक बसतो, कारण तंबाखूचा तिखटपणा आणि अल्कोहोलची जळजळ एकमेकांवर चढतात.

बाटल्यांमध्ये सुरुवात रमपासून करतो. नागपूरच्या हवेत सिगारला व्हिस्कीपेक्षा रम जास्त विश्वासाने साथ देते, असं आमचं ठाम मत आहे. रमचा गोडवा थोड्या तापलेल्या धुराचाही कडवटपणा सावरून घेतो. ओकच्या पिंपातला कोरडेपणा घेऊन आलेली व्हिस्की तो उघडा पाडते.

ओल्ड मंक सात वर्षांची, 42.8 टक्के. व्हॅनिला, जळक्या साखरेचा पाक, थोडासा मसाला. पार्तागास डी 4 सोबत ही बाटली तिच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते, कारण सिगारची मिरी आणि रमचा पाक एकमेकांची धार कमी करतात. 30 मिलीत 15 मिली गार पाणी घातलं की ताकद साडेअठ्ठावीस टक्क्यांवर येते. तिसऱ्या भागात सिगार भारी झाल्यावर हे पाणी 5 मिलीवर आणा. होयोसोबत मात्र ओल्ड मंक घेऊ नका, होयोची मलई तिच्याखाली दबून जाते. आणि कोला नको. कोलाची साखर आणि आंबटपणा जिभेवर थर धरतात, मग दुसऱ्या झुरक्यापासून धूर सपाट लागतो. क्वार्टर आणून आधी ही जोडी जमते का ते पाहा, खंबा नंतर घ्या.

इथे नागपुरी संत्रं कामाला येतं. या संत्र्याची साल सैल आणि तेलाने भरलेली असते. आंबिया बहाराचा माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाजारात येतो, तेव्हा दोन बोटं रुंद सालीचा तुकडा घ्या, आतला पांढरा भाग चाकूने खरवडा, साल ग्लासच्या तोंडावर धरून नारिंगी बाजू खाली ठेवून दुमडा. तेलाचा बारीक फवारा रमवर उडालेला दिव्याच्या उजेडात दिसतो. ग्लासच्या कडेवरून साल एकदा फिरवा आणि बाजूला ठेवा. आत टाकून ठेवली तर थोड्याच वेळात रम कडवट होते, आणि सिगारचा कडवटपणा त्यात मिसळला की जोडी गेली. मॉन्तेक्रिस्तो 4 चा कोको आणि हा संत्र्याचा वास यांच्याइतकी चांगली जोडी या सगळ्या यादीत दुसरी नाही. सोबत संत्रा बर्फीचा सुपारीएवढा तुकडा पुरतो. त्याहून मोठा घेतला तर खवा तोंडात बसतो.

अमृत टू इंडीज, तीही 42.8 टक्के. भारतीय गुळाची आणि कॅरिबियन रम यात मिसळलेली आहे. ओल्ड मंकपेक्षा कमी गोड, पिकलेल्या केळ्याच्या अंगाची. मॉन्तेक्रिस्तोला ही पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत साथ देते, पाणी नावापुरतं लागतं. व्हेनेझुएलाची दिप्लोमातिको रेसेर्वा एक्सक्लुसिवा 40 टक्क्यांची, चांगलीच गोड. काळ्या माडुरो रॅपरच्या सिगारसोबत ती घेऊ नका, गोडावर गोड होतं. पार्तागाससोबत 30 मिली छान, दुसरा पेग जड जातो.

व्हिस्कीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के दारू उडून जाते. बंगळुरूत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या पुढे जातं. उष्णतेमुळे दारू आणि लाकूड यांची देवाणघेवाणही वेगाने होते, म्हणून भारतीय सिंगल माल्टमध्ये कमी वर्षांतच ओक भरपूर उतरतो. ओकचा तुरटपणा तोंड कोरडं करतो, सिगारही तेच करतो. भारतीय माल्टला सिगारसोबत एरवीपेक्षा थोडं जास्त पाणी घालावं लागतं ते यामुळे.

अमृत फ्यूजन 50 टक्क्यांची आहे आणि तिच्यात भारतीय बार्लीसोबत स्कॉटलंडची पीट दिलेली, म्हणजे दलदलीतल्या सुकवलेल्या मातीच्या धुरावर वाळवलेली, बार्ली आहे. नुसती घेतली तर पार्तागासच्या पहिल्या भागात जीभ भाजते. 10 मिली पाण्याने ती शांत होते, आणि सिगार अर्ध्यावर आला की तिचा हलका धूर आणि चॉकलेटसारखा गाभा वर येतो. ती तेव्हाच ओतावी, आधी नाही. पहिल्या अर्ध्या तासात सोबतीला पाणीच बरं. इंद्री त्रिनी 46 टक्के, बर्बन, फ्रेंच वाइन आणि पीएक्स (पेद्रो हिमेनेस) ही गोड शेरी अशा तीन प्रकारच्या पिंपांतली. मनुक्यासारखा गोडवा असल्याने मॉन्तेक्रिस्तोला चांगली बसते. गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स, 46 टक्के, पीट नसलेली, मधाच्या अंगाची. होयोसोबत घेण्यासारखी भारतीय व्हिस्की हीच. 5 मिली पाणी पुरे.

स्कॉचमध्ये नवख्याने बालव्हेनी डबलवुड 12 घ्यावी. 40 टक्के, आधी बर्बनच्या आणि मग शेरीच्या पिंपात. ती तिन्ही सिगारसोबत चालते, कुठेही बिनसत नाही, पण तिन्हींपैकी एकाही जोडीत अंगावर काटा येत नाही. ब्लॅक लेबल मॉन्तेक्रिस्तोसोबत तिच्या नावलौकिकाहून चांगली लागते, कारण तिच्यातला बारीक पीट कोकोच्या मागे उभा राहतो. लाफ्रोएग 10 किंवा लागावुलिन 16 सारख्या, स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कींबद्दल आमचं मत इथल्या प्रचलित मताच्या उलट आहे. धुराला धूर जुळतो असं ऐकून लोक त्या विकत घेतात. दोन धूर एकत्र आले की जो मोठा तोच उरतो, आणि लाफ्रोएगचं आयोडिन होयोलाच काय, मॉन्तेक्रिस्तोलाही पुसून टाकतं. त्या पार्तागासच्या शेवटच्या भागात, हिवाळ्यातच, 15-20 मिली घ्याव्यात.

जिन-टॉनिक नको, क्विनाइनचा कडवटपणा तंबाखूच्या कडवटपणात भर घालतो. लागर बिअरही नको. रेड वाइनच्या टॅनिनने तोंड वाळतं, पण पोर्तुगालची अस्सल पोर्ट मिळाली तर होयोसोबत ती जरूर घ्यावी. स्वस्तातली स्थानिक पोर्ट वाइन ही वेगळी चीज आहे, ती सिगारसोबत सरबतासारखी लागते. मोहाची दारू विदर्भातली म्हणून उत्सुकता असते. परवानाधारक कंपनीची बाटलीबंद मोहाची फुलांच्या वासाची, थोडी धुरकट असते. होयोसारख्या सौम्य सिगारसोबत 20 मिली गार करून घेतली तर ती फार सुंदर लागते. हातभट्टीची मात्र कधीही नको, मिथेनॉलने डोळे आणि जीव दोन्ही जातात.

आता पेटवणं. टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरच्या पानाच्या झाकणाचा, फक्त वरचा 2 मिमी भाग कापा. टोपीच्या रेघेखाली कात्री गेली की रॅपर उलगडत जातं. लाइटर ब्यूटेनचा हवा. पेट्रोलच्या लाइटरचा वास पहिल्या पाच झुरक्यांत राहतो आणि तो व्हिस्कीतही लागतो. ज्योत सिगारला टेकवू नका, अर्धा इंच खाली धरून टोक फिरवत भाजा, सगळीकडे सारखी कड लाल झाली की मग ओढा. मिनिटाला एक झुरका पुरतो. क्रम असा: पाण्याचा घोट, झुरका, धूर तोंडात फिरवून सोडणं, आठ-दहा सेकंद थांबणं, मग दारूचा लहानसा घोट. धूर छातीत घ्यायचा नाही. त्याने धोका टळतो असं मात्र समजू नका. तोंडात घेतलेला तंबाखूचा धूरही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाला कारण ठरतो आणि सोबतच्या दारूने तो धोका वाढतो. मळमळ, घाम, चक्कर आली तर ते निकोटिन आहे. सिगार ठेवून द्या, गूळ किंवा साखर खा, पाणी प्या, उपाशीपोटी पुन्हा बसू नका.

पण पोटात काय आहे हेही महत्त्वाचं. सावजी रस्सा खाऊन लगेच सिगार पेटवला तर जिभेला मिरची सोडून काही कळत नाही. दीड-दोन तासांचं अंतर हवं. दह्याने जळजळ थांबते, पण साईचा थर जिभेवर बसतो, म्हणून दही घेतलं तर कोमट पाण्याने चूळ भरा. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, खाणाऱ्यांना या सगळ्या बाटल्यांमधला फरक जाणवणं अवघड आहे. चुन्याने तोंडाच्या आतली त्वचा सोलवटलेली असते, तिच्यावर अल्कोहोल नुसता झोंबतो.

बसायचं कुठे, याचं उत्तर बहुतेक वेळा घरचीच गच्ची हे आहे. 30 किंवा त्याहून जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला वेगळा धूम्रपान कक्ष ठेवता येतो, पण 2017 च्या दुरुस्तीनंतर त्या कक्षात कुठलीही सेवा देता येत नाही, म्हणजे ग्लास आणि सिगार एकाच टेबलावर येणं नियमात बसत नाही. गच्चीवर डिसेंबर-जानेवारीची रात्र उत्तम. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे करून बसा, नाहीतर एक बाजू पुढे जळत जाते. महाराष्ट्रात या दारूसाठी वय 25 पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही. वर्ध्याकडे किंवा गडचिरोलीकडे निघाला असाल तर बाटली घरीच राहू द्या, दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

सिगार मात्र तिथेही नेता येतो, आणि त्याच्यासोबत कॉफी असली की दारूची आठवण येत नाही. चिकोरी 20 टक्क्यांहून जास्त नसलेली पूड घ्या. दोन मोठे चमचे पूड स्टीलच्या फिल्टरमध्ये हलकी दाबून त्यावर 100 मिली उकळून मिनिटभर थांबवलेलं पाणी घाला, पंधरा मिनिटं गळू द्या. दूध अगदी थोडं, साखर अर्धा चमचा. मॉन्तेक्रिस्तो 4 सोबत ही कॉफी वर सांगितलेल्या निम्म्या बाटल्यांपेक्षा चांगली लागते. चिकोरी वाढवली तर मात्र जळका कडवटपणा येतो, आणि दूध जास्त झालं की सिगारचा शेवटचा भाग जिभेपर्यंत पोचत नाही.